स्तोत्रांमागची चरित्रे: नागपूर, टिळक आणि लक्ष्मीबाई

स्तोत्र गाणाऱ्यास स्तोत्रकाराचे चरित्र ठाऊक असण्याची गरज नाही, असे एक मत आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. सामुदायिक उपासनेत कवीने मागे सरावे आणि शब्द समूहाचे व्हावेत, हीच त्या प्रकाराची रीत. परंतु साहित्याच्या अभ्यासकांना ही सोय नाही. तरुणांसाठी आणि मुलांसाठी लिहिलेल्या गीतांच्या बाबतीत तर मुळीच नाही. कारण तेथे एक प्रौढ माणूस कोवळ्या मनाला काय द्यावे हे ठरवीत असतो. हे ठरविणारा कोण, त्याच्यापाशी देण्याजोगे काय होते, आणि ते त्याने कोणत्या किमतीला मिळविले, हे विचारणे भाग पडते.

इंग्रजीत या प्रकाराचा इतिहास सांगताना आयझॅक वॉट्सच्या मुलांसाठीच्या गीतपुस्तकाचा (१७१५) उल्लेख प्रथम होतो. वॉट्स अविवाहित, प्रकृतीने दुबळा. त्याच्या आयुष्याची अनेक वर्षे एका स्नेही कुटुंबाच्या आश्रयाने गेली. सिसिल फ्रान्सिस अलेक्झांडर यांचे बालस्तोत्रांचे पुस्तक १८४८ सालचे, म्हणजे त्यांच्या विवाहापूर्वीचे. धर्मशिक्षणातील कठीण वाक्ये मुलांना उमगावीत हा त्यांचा हेतू. सबाइन बेअरिंग-गूल्ड या तरुण धर्मोपदेशकाने १८६५ मध्ये यॉर्कशरमधील हॉर्बरी येथे शाळकरी मुलांच्या मिरवणुकीसाठी एक गीत रचले; १८७१ मध्ये आर्थर सलिव्हनने त्याला दिलेली चाल जगभर गेली. वळण लावणे, अर्थ समजावणे आणि पावले जुळवणे, असे हे तीन हेतू म्हणता येतील.

मिशनऱ्यांबरोबर ही परंपरा महाराष्ट्रात आली तेव्हा प्रथम भाषांतरे झाली. त्यांतील अडचण श्रद्धेची नव्हती, छंदाची होती. इंग्रजी चाल ठरावीक मात्रेवर आघात मागते. मराठी शब्दात तसा ठाशीव आघात नाही, तेथे ऱ्हस्वदीर्घाचा आणि अक्षरसंख्येचा हिशेब चालतो. परक्या चालीवर मराठी ओळ बसविली की ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, दीर्घ अक्षर घाईने उरकावे लागते, आणि शब्द मधेच तुटून अर्थ हरवतो. मोठ्या माणसाला हे सवयीने सोसते. मुलाला ते सोसत नाही, कारण त्याच्या कानात आईच्या ओव्या असतात. अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी देशी चालींवर पदे रचून आणि कीर्तनाची पद्धत स्वीकारून वाट मोकळी केली होती. त्या वाटेचा राजरस्ता झाला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे. आणि टिळकांच्या आयुष्याला वळण मिळाले ते आमच्या नागपूरच्या आसमंतात.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई जानकीबाई कविता करणारी, वडील तापट. आईच्या मृत्यूनंतर हा मुलगा घराबाहेर पडला आणि नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. पुढे नोकऱ्या धरणे आणि सोडणे हा त्यांचा स्थायीभावच झाला. या भटकंतीत ते नागपूरला आले. येथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत धर्मग्रंथांचे काम केले, 'ऋषी' नावाचे नियतकालिक चालविले. स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले होते १८४५ मध्ये. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून येथे उभे होते. म्हणजे ख्रिस्ती विचार या शहरात नवा नव्हता. तरीही टिळकांच्या हाती नवा करार आला तो १८९३ साली, नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाकडून. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला; तोही एका भारतीय पाळकाच्या हातून.

हा तपशील आम्हांस महत्त्वाचा वाटतो. टिळकांनी धर्म बदलला, कान बदलला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांच्या रचनेचे शास्त्रही त्याच पुलावरचे आहे. मोठ्या अभंगाची घडण विद्यार्थ्यांनी आठवावी: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांत यमक. शेवटच्या चार अक्षरांपाशी ओळ आखूड होते, श्वास घ्यायला जागा मिळते, आणि समूहाला ध्रुपदाकडे वळता येते. वाचता न येणारे मूलही दुसऱ्या फेरीत ध्रुपद उचलते. स्तोत्रकाराला याहून अधिक काय हवे? 'अभंगांजली' लिहिणारे टिळक हे बालांसाठी, तरुणांसाठी असा शिक्का मारून लिहीत नव्हते. पण भजनाचा हा साचा स्वीकारताच ते गीत सर्वांत धाकट्या गाणाऱ्याचेही झाले. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा मोठा आहे, यामागे हे एक कारण निश्चित असावे.

येथपर्यंतची गोष्ट यशाची आहे. ती येथेच संपविली तर मात्र अर्धीच सांगितली जाते. टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या बातमीने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न होऊन आलेली, शाळा अशी न पाहिलेली ही बाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे नातलगांच्या आधाराने राहिली. पुढे मराठीने ज्याला फुलांमुलांचा कवी म्हटले, त्याचे स्वतःचे मूल त्या काळात त्याच्यापासून दूर होते. मुलांवरील त्याच्या कवितेतला जिव्हाळा खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. तो जिव्हाळा या ताटातुटीच्या शेजारी ठेवून वाचावा, एवढेच म्हणणे आहे.

लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या पतीच्या पाठोपाठ धर्मांतर करण्यासाठी नव्हे. आधी वेगळे बिऱ्हाड, वेगळी चूल. मग सोवळेओवळे आणि जातिभेद यांवर स्वतःचा विचार. आणि त्या विचाराअंती, १९०० साली, बाप्तिस्मा. दुष्काळात अनाथ झालेली मुले टिळकांनी घरी आणून ठेवली, तेव्हा त्यांचे करणे-सवरणे कोणाच्या वाट्याला आले हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगावयास नको. तरुण बालकवी ठोमरे याच घरात राहिले, रुसले, हसले. टिळक काव्य सुचले की संसार विसरत. संसार विसरून चालणार नाही हे लक्षात ठेवणारे माणूस घरात होते, म्हणून ते काव्य झाले.

१९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायना'चे जेमतेम साडेदहा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. दत्तू, म्हणजे देवदत्त नारायण टिळक, पुढे 'बालबोधमेवा' या मुलांच्या ख्रिस्ती मासिकाचे संपादक झाले. बाप ज्याला लहानपणी काही काळ लाभला नाही, त्याने इतरांच्या मुलांसाठी मासिक चालविले. यावर आम्ही अधिक भाष्य करू इच्छित नाही.

आणि पुन्हा नागपूर. १९३३ साली येथे मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी लक्ष्मीबाई टिळक होत्या. ज्या शहरातून निघालेल्या गाडीने चाळीस वर्षांपूर्वी त्यांचा संसार रुळावरून उतरविला, त्याच शहराने त्यांना अध्यक्षपद दिले. पुढच्याच वर्षी 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग पुस्तकरूपाने आला आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आमच्या शालेय वर्षांत टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' आम्ही याच शहरात पाठ केली. त्याच बाकावरचा एक ख्रिस्ती मित्र रविवारी त्याच कवीची भजने म्हणत असे. ही दोन्ही एकाच माणसाची, हे आम्हां दोघांनाही कोणी सांगितले नाही. पुढे महाविद्यालयात 'स्मृतिचित्रे' भेटले ते आत्मचरित्राच्या प्रश्नपत्रिकेत, विनोद आणि प्रांजळपणा या दोन मथळ्यांखाली. कविता एका खान्यात, स्तोत्र देवळात, आत्मचरित्र तिसऱ्या खान्यात. ही वाटणी शिकविणाऱ्यास सोयीची असते, पण तिने स्तोत्राचे साहित्यपण जाते आणि साहित्याचे जगणे जाते. 'भजन' हा शब्द उच्चारताच धर्माचा विषय म्हणून बाजूला सरणारे आम्ही मराठीचे शिक्षक तुकोबांचे अभंग मात्र निःशंकपणे शिकवितो. टिळकांच्या अभंगांना तीच वागणूक का मिळू नये?

नागपुरातील तरुणांच्या प्रार्थनासभांत आज आम्ही गिटार आणि की-बोर्ड ऐकतो. हिंदी आणि इंग्रजी गीते मराठीच्या बरोबरीने, कधी तिच्याहून अधिक, गायली जातात. जुन्या पिढीतील काहींना याचे वाईट वाटते. आम्हांस त्या वाद्यांची तक्रार नाही. टिळकांनीही आपल्या भोवतालचे लोक जे गात होते तेच उचलले होते. या नव्या गीतांकडे बघताना लावण्याची कसोटी त्यांच्याच उदाहरणातून मिळते: हे शब्द गाणाऱ्याच्या घरच्या बोलीशी जुळतात काय, आणि लिहिणाऱ्याने त्यांची काही किंमत मोजली आहे काय?

आमची सूचना साधी आहे. 'अभंगांजली'तील चार रचना आणि 'स्मृतिचित्रे'तील टिळकांच्या धर्मांतराचे प्रकरण वर्गात एकाच आठवड्यात वाचावे. आधी अभंग, मग प्रकरण, आणि मग पुन्हा तेच अभंग. वर्गात कोणाला चाल येत असेल तर गाऊन घ्यावे. दुसऱ्या वाचनात काय बदलले, हे विद्यार्थ्यांनाच लिहावयास सांगावे.