लोहगावचा लिबरेटर

चार इंजिने, ११० फुटांचा अरुंद पंख आणि दुकानाच्या शटरासारखी पोटाच्या बाजूंवर सरकत जाणारी बॉम्बकक्षाची दारे, अशा घडणीचे बी-२४ लिबरेटर हे अमेरिकन जड बॉम्बफेकी विमान दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अठरा हजारांवर संख्येने तयार झाले. त्यांपैकी जी मोजकी आज शिल्लक आहेत, त्यांतली बरीचशी भारतातल्या भंगारातून उठलेली आहेत.

‘लेंड-लीज’, म्हणजे युद्धापुरती मित्रराष्ट्रांना शस्त्रे वापरायला देण्याची अमेरिकी योजना, संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाकडची लिबरेटर विमाने परत करणे किंवा निकामी करणे भाग होते. म्हणून कानपूरच्या चकेरी तळावर त्यांचे पत्रे फाडण्यात आले आणि इंजिनांत वाळू ओतण्यात आली. शत्रूला न साधलेले काम असे मालकानेच उरकले. दोन मोडक्या यंत्रांतून एक चालते यंत्र उभे करण्याची विद्या मात्र या देशाला नवी नव्हती; खामगाव-मलकापूरच्या जिनिंगमधल्या मिस्त्रीलाही तिचे नवल वाटले नसते. हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान-कारखान्याच्या कारागिरांनी या सांगाड्यांची उडण्यापुरती डागडुजी केली, आणि या जातीच्या विमानाचे रीतसर प्रशिक्षण नसलेले चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी ती एकेक करून बंगळूरला घेऊन गेले, जिथे त्यांची पुरती दुरुस्ती झाली.

१९४८ च्या नोव्हेंबरात भारतीय हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. पुढे सहावी स्क्वाड्रन पुण्याच्या लोहगावहून सागरी टेहळणीसाठी, म्हणजे समुद्रावरील जहाजांच्या हालचालींवर नजर ठेवण्यासाठी, हीच विमाने वापरू लागली, आणि घाटावरच्या या तळाला समुद्राचे काम लागले. ही चाकरी १९६८ अखेरपर्यंत चालली.

निवृत्तीनंतर एका लिबरेटरला अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनने नवा जन्म दिला. ते १९८९ मध्ये पुन्हा उडाले, तिकीट काढलेल्या हौशी प्रवाशांना फिरवू लागले आणि त्याचे नाव ठेवले गेले ‘ऑल अमेरिकन’, जणू मधली भारतीय वर्षे घडलीच नव्हती. अशा रंगरंगोटीला खोटे म्हणता येत नाही, पण ती अपुरी खचितच आहे. कोकोस बेटांवरून १९४५ मध्ये काही महिनेच युद्धसेवा केलेले आणि नंतर सहाव्या स्क्वाड्रनमध्ये राहिलेले केएन ७५१ हे विमान भारताने १९७४ मध्ये ब्रिटनला भेट दिले. ते स्वतःच्या पंखांवर इंग्लंडला गेले आणि तेथील हवाई दलाच्या संग्रहालयात आज ब्रिटिश खुणांनिशी उभे आहे.