पेटी ठेका घेण्याआधी

सिरुसेरी, चेन्नई

गड्या,

घरांची वायरिंग सोडून बिल्डरच्या साईटवर पेटी ठेका घ्यावा का, असं विचारलंस आणि तेवढ्यात फोन कटला. म्हणून बैठक मारून लिहितोय.

इथं कामाला तोटा नाही. सिपकॉटच्या पार्कात कार्लोस ऑटने आरेखलेली टीसीएसची फुलपाखरासारखी इमारत आहे. पडूर, नावलूरपासून केळंबाक्कमपर्यंत टॉवरच टॉवर. पण वरून खाली येईस्तोवर कामाचे किती हात बदलतात बघ: बिल्डर, मुख्य ठेकेदार, इलेक्ट्रिकल एजन्सी, मग मी, मग माझी पोरं. पैसाही याच वाटेनं उतरतो. पोरांना शनिवारी पगार द्यावाच लागतो, उचल वेगळीच. बिल मात्र मेजरमेंट होऊन, सह्या होऊन दीड-दोन महिन्यांनी निघतं. मधला सगळा काळ तुझ्या खिशातून चालतो. म्हणून पॉइंटला किती रुपये मिळतात हे नंतर विचार. आधी बघ, बिल न येता किती शनिवार तू पगार वाटू शकतोस. तेवढीच पोरं लाव आणि तेवढाच मजला घे.

आता कामाचं. स्लॅबमधला पाईप काँक्रीट पडल्यावर कुणाला दिसत नाही. विट्याचे गलाईवाले सोनं मुशीत टाकण्याआधी गिऱ्हाइकासमोर वजन करतात ना, तसंच आपलं: स्लॅब भरायच्या आधी माप, फोटो आणि इंजिनिअरची सही. भिंत फोडून टाकलेल्या पाईपचंही तेच, प्लास्टरच्या आधी. वाढीव काम तर रोज निघतं. ‘अण्णा, इन्नोरु पॉइंट’, म्हणजे अजून एक पॉइंट, असं सांगणारा साहेब भला असतो, पण तीन महिन्यांनी तो दुसऱ्या साईटवर गेलेला असतो आणि बिल तपासणारा म्हणतो, ड्रॉइंगमध्ये दाखवा. मागे एका साईटवर माझे असेच पॉइंट बिलातून उडाले. सही घेतलेले तेवढे मिळाले. त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर साहेबाला लिहून पाठवलं तरी तारीख राहते.

रिटेन्शन म्हणजे बिलातून राखून ठेवलेले पैसे, बहुतेक ठिकाणी पाच टक्के, कुठं दहा. वर्षभराची डिफेक्टची मुदत संपल्यावर सुटतात. आपल्यासारख्याचा नफा कित्येकदा एवढाच असतो. ते पैसे येणारच नाहीत असं धरून दर दे.

‘आम्हाला मिळाले की तुम्हाला’ असं कलम दिसलं तर थांब. २००६ च्या एमएसएमई कायद्यात ठरलेल्या मुदतीला ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. त्यासाठी उद्यम नोंदणी काम घेण्याआधीच कर, ती फुकट आहे. नंबर प्रत्येक बिलावर टाक. आपल्यासारख्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, असा आयकराचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू झाला. तेव्हापासून मार्चअखेरीस काही अकाउंटंट स्वतः फोन करतात! मात्र मालासकट घेतलेला ठेका या कायद्यात बसतो का, यावर कोर्टात वाद होतात. म्हणून पहिलं काम लेबर रेटनंच घे, वायर-पाईप त्यांचं. दुकानदाराची उधारी तरी डोक्यावर राहणार नाही. बिलातून एक टक्का टीडीएस कापतील. तो बुडत नाही, रिटर्न भरलंस की हिशेबात धरला जातो.

तरीही घे म्हणतो मी. घरांच्या वायरिंगमध्ये पोरं स्विचबोर्डाच्या पुढं जात नाहीत. साईटवर पॅनल, बसबार, केबल ट्रे सगळं शिकतात, आणि सहा महिन्यांचं काम समोर दिसतं. पण विट्यातली जुनी गिऱ्हाइकं तोडू नकोस. पंखा बसवून घेऊन रोख पैसे देणारी तीच मंडळी तुझा शनिवार सांभाळतील. माझी पडूरमधली घरं मी अजून धरून आहे.

वर्क ऑर्डर हातात आली की सही करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो पाठव. पेमेंट, रिटेन्शन आणि वाढीव कामाची कलमं मी त्याच रात्री वाचून तुला फोन करतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच जुना दोस्त