पाईप हवा ओढतोय

पंक्चर झालेली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली की भोक कुठं आहे ते बुडबुडेच सांगतात. ऑईल गळत असेल तर गाडीखाली काळा डाग पडतो, डिझेल गळत असेल तर वास येतो. बाहेर जाणाऱ्या गोष्टीचा माग काढणं सोपं. हवा आत शिरत असेल तर काही सांडत नाही, वास येत नाही, डाग पडत नाही. काम तेवढं बिघडतं. आमच्या खर्ड्यात त्यावर एकच निदान असतं, पाईप हवा ओढतोय. मी ते आधी विहिरीवर ऐकलं, मग जीपच्या बॉनेटखाली, आणि हल्ली चुलतभावाच्या गोठ्यात ऐकतो.

विहिरीत काठापासून खाली एका कट्ट्यावर मोटार बसवलेली असायची. सक्शनचा पाईप पाण्यात, तळाला पाणी परत खाली जाऊ न देणारा फुटव्हॉल. बटण दाबलं की धो धो पाणी, आणि वाफा अर्धा भरतोय तोवर धार बारीक होत होत तुटायची. ‘पाणी सोडलं’, आबा म्हणायचे आणि पायऱ्या उतरायला लागायचे. फुटव्हॉलमध्ये काडीकचरा अडकला असला तर शेणकाला हा पहिला उपाय. बादलीत पातळ कालवलेलं शेण पंपाच्या तोंडातून ओतायचं. पाणी खाली उतरताना शेणातला चोथा बरोबर फटीत जाऊन बसायचा. जोडावर शंका असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. पण कोणत्या जोडावर? त्यासाठी आबा देव्हाऱ्यातली उदबत्ती आणायला लावायचे. मोटार चालू ठेवून ती पेटती उदबत्ती जोडाभोवती सावकाश फिरवायची. धुराची रेघ सरळ वर चाललेली असायची. एका बोल्टाजवळ ती अचानक वाकायची, पाईपाकडे वळायची आणि तिथंच नाहीशी व्हायची.

पंप पाणी ओढत नाही, तो पाईपातला दाब कमी करतो आणि पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा, हे पुढं शाळेत कळलं. टॉरिचेलीनं 1643 मध्ये पाऱ्याच्या नळीत ते दाखवलं. बाहेरची हवा पारा सुमारे 76 सेंटिमीटर उचलते आणि पाणी सुमारे दहा मीटर. त्यापलीकडे मोटार कितीही मोठी आणा, पाणी चढत नाही. व्यवहारात तर सहा-सात मीटरलाच दम लागतो. म्हणून मार्चमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार दोर लावून खालच्या कट्ट्यावर उतरवायची. खर्ड्याला पाण्याची ओढ नवी नाही. मार्च 1795 च्या लढाईत निजामाचं सैन्य इथल्या किल्ल्यात कोंडलं गेलं तेव्हा त्याचेही पाण्यावाचून हाल झाले होते, आणि तहही झाला तो त्यानंतर.

त्या किल्ल्यावर आता 74 मीटर उंचीचा भगवा ध्वज आहे. तो फडफडला की वारा आहे हे लांबून कळतं. पण वाहत नसलेल्या, नुसत्या उभ्या असलेल्या हवेलाही दर चौरस सेंटिमीटरला किलोभर जोर असतो, हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते काळीपिवळी जीपच्या ब्रेकवर.

मामा जामखेड-खर्डा जीप चालवायचे. डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या गाडीसारखा हवा रोखणारा पडदा नसतो, त्यामुळं त्यात आपोआप व्हॅक्यूम तयार होत नाही. त्यासाठी अल्टरनेटरच्या पाठीवर एक छोटा पंप बसवलेला असतो. तिथून रबरी पाईप ब्रेकच्या बूस्टरला जातो, मध्ये एकाच दिशेनं चालणारा व्हॉल. बूस्टर म्हणजे पत्र्याचा डबा आणि आत रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूला व्हॅक्यूम, दुसरीकडे, ब्रेक दाबला की, बाहेरची हवा. पडदा नऊ इंच व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ चारशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास. चौरस सेंटिमीटरमागं पाऊण किलोचा फरक पडला तरी तीनशे किलोंचा रेटा पायाच्या मदतीला येतो. माणसं खच्चून भरलेली जीप त्या रेट्यावर थांबते.

रोज सकाळी पहिली फेरी निघण्याआधी मामा एक गोष्ट करायचे. इंजिन बंद असतानाच ब्रेक पाच-सहा वेळा मारायचे. पेडल कडक व्हायचं. मग पाय तसाच दाबून धरून स्टार्टर मारायचे. इंजिन लागलं की पेडल पायाखाली बोटभर खाली बसलं पाहिजे. नाही बसलं तर पंप, पाईप किंवा बूस्टर, कुठंतरी गडबड. दुसरी परीक्षा परतल्यावर. इंजिन बंद करायचं, चहा घ्यायचा आणि येऊन ब्रेक दाबायचा. पहिले दोन-तीन दाब मऊ गेले तर व्हॉल आणि पाईप चांगले. पहिलाच कडक गेला तर हवा आत शिरलीय. यापेक्षा स्वस्त तपासणी मला माहीत नाही, आणि गाडी घेणाऱ्यांपैकी किती जण ती करतात तेही माहीत आहे. सौताड्याच्या घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे ड्रायव्हर असायचे. मामा त्यांच्यावर मनापासून चिडायचे. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकांत संपतो. चौथं वळण कुणाच्या जिवावर?

पेट्रोलच्या गाड्यांना अजून कार्बोरेटर होता तेव्हाची गोष्ट वेगळी. माझी जुनी गाडी सिग्नलला धापा टाकायची. रेस आपोआप वर जायची, खाली यायची, मध्येच बंद पडायची. कार्बोरेटरला बगल देऊन हवा इंजिनात शिरली की पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, आणि आयडलिंग धरत नाही. एका मेकॅनिकनं प्लग बदलले, दुसऱ्यानं कार्बोरेटर उतरवला. तिसरा जामखेडचा म्हातारा मिस्त्री. त्यानं हात्यारांच्या पेटीकडं बघितलंसुद्धा नाही. हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावर हळूहळू फिरवत नेलं. मग चिमट्यानं एकेक व्हॅक्यूम पाईप दाबत गेला. डिस्ट्रिब्युटरकडं जाणारा पाईप दाबला आणि इंजिन शहाण्यासारखं एका लयीत चालू लागलं. पाईप वाकवून दाखवला, तर उन्हानं आणि इंजिनाच्या आचेनं रबर कडक होऊन टोकाशी केसाएवढी चीर गेलेली. खात्रीसाठी त्यानं पिचकारीनं चिरेवर पाणी मारलं. चीर क्षणभर बुजली, आवाज बदलला. काही जण अशा वेळी पेट्रोल मारून बघतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल उडवणाऱ्यांच्या धाडसाला लांबूनच नमस्कार.

त्या मिस्त्रीकडे व्हॅक्यूमचा गेजही होता. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलिंगला 17 ते 21 इंच पारा दाखवतं, आणि दर हजार फुटांना तो आकडा साधारण इंचभर उतरतो. बालाघाटावर मुंबईचा आकडा शोधू नये, असं तो बजावायचा. आकड्यापेक्षा काटा थरथरतो का, हे बघायचं.

चुलतभावानं एचएफ गायींसाठी दूध काढायचं मशीन घेतलं तेव्हा हा सगळा मामला गोठ्यात आला. तिथंही व्हॅक्यूमच, पण बाहेरच्या हवेच्या दाबाच्या निम्म्याहून थोडा कमी, चाळीस ते पन्नास किलोपास्कल, आणि पल्सेटर मिनिटाला साठच्या आसपास ठोके देणारा. जास्त झाला तर सडांना इजा, कमी झाला तर कप गळून पडतात. एका संध्याकाळी कप राहीनात. गाय लाथ मारते म्हणून तिला शिव्या खाव्या लागल्या. बिचारीचा काही संबंध नव्हता. वहिनींनी उदबत्ती लावली, पाईपाच्या एल्बोजवळ धूर आत गेला आणि गायीची सुटका झाली.

परवा भावाच्या नव्या गाडीला इंजिनाचा पिवळा दिवा लागला. नगरच्या गॅरेजात पोरानं स्कॅनर लावला, पी 0171 हा कोड आला, म्हणजे मिश्रणात हवा जास्त. पोरगा म्हणाला, सेन्सर बदलावा लागेल, आणि किंमत सांगितली. भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी पोराला विचारलं, ‘बाळा, पाईप दाबून बघितलेस का?’ त्यानं नाही म्हटलं आणि चिमटा आणायला आत गेला.