भद्रावतीहून हेमलकशाकडे

नागपूरहून चंद्रपूरकडे जाताना वरोरा मागे पडले की विसेक किलोमीटरवर भद्रावती लागते. जुनी माणसे या गावाला अजून भांदकच म्हणतात. विजासनची लेणी, भद्रनागाचे देऊळ आणि केसरिया पार्श्वनाथांचे तीर्थ अशी तीन धर्मांची स्थाने या लहानशा गावात आहेत. श्यामवर्ण, अर्धपद्मासनस्थ प्रतिमेपुढे बसले की यात्रेकरूला येथून उठावेसे वाटत नाही. ही प्रतिमा पूर्वी रानात अर्धी पुरलेली होती आणि आसपासचे लोक तिला ‘केसरियाबाबा’ म्हणून शेंदूर-फुले वाहत, असे सांगतात. विक्रम संवत १९६६ च्या सुमारास शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाचे व्यवस्थापक चतुर्भुजभाई यांना स्वप्न पडले, स्वप्नात नागाने भांदकच्या रानातील वाट दाखविली आणि त्या वाटेने हे तीर्थ प्रकटले, अशी परंपरा आहे. म्हणून या प्रभूंना स्वप्नदेव असेही नाव आहे.

नागाचा आणि पार्श्वनाथांचा संबंध जैन घरातील लहान मुलालाही ठाऊक असतो. कमठ तापसाच्या पंचाग्नीतील ओंडका फोडायला लावून कुमार पार्श्वांनी आत होरपळणारे नागयुगुल दाखविले, त्यांना नवकार ऐकविला. तेच पुढे धरणेंद्र आणि पद्मावती झाले. बहुतेक यात्रासंघ ही कथा ऐकून, भोजनशाळेत जेवून परत फिरतात. याच रस्त्याने आणखी दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला गेले, तर जीवदयेचा एक निराळा प्रयोग पाहावयास मिळतो. तो जैनांनी केलेला नाही, आणि म्हणूनच जैनांनी पाहावा असा आहे.

त्याची सुरुवात मात्र भद्रावतीच्या अलीकडे, वरोऱ्याजवळच्या गोरजे गावाच्या जमीनदार घराण्यात आहे. मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा.  मुरलीधरांचे बालपण ऐश्वर्यात गेले. चौदाव्या वर्षी त्यांच्याकडे स्वतःची बंदूक होती. रानडुकरे आणि हरणे त्यांनी मारली. पुढे ‘सिंगर’ बनावटीची मोटार आली, तिच्या गाद्यांना बिबट्याचे कातडे होते. चित्रपटांचाही नाद होता; ‘पिक्चरगोअर’ या इंग्रजी नियतकालिकासाठी ते परीक्षणे लिहीत आणि हॉलीवूडच्या नटींशी त्यांचा पत्रव्यवहार असे. शिकार, मोटार, सिनेमा हे सारे त्या काळच्या श्रीमंत घरच्या वकील तरुणाचे छंद होते.

छंद सुटले ते कोणाच्या प्रवचनाने नव्हे. वरोऱ्याला पावसात गटाराशेजारी पडलेला, हातापायांची बोटे झडलेला तुळशीराम त्यांनी पाहिला आणि ते घाबरून पळाले. ज्याला कशाचेच भय नव्हते त्याला एका रोग्याचे भय वाटले, ही बोच त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत फिरले आणि त्याच्या अंतापर्यंत त्याची सेवा केली. १९५१ मध्ये पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवनाची खडकाळ जमीन फोडायला सुरुवात झाली. आपल्याकडे धंद्याच्या भांडवलाच्या गोष्टी मोठ्या चवीने सांगतात. ही गोष्टही त्या पंक्तीत बसावी. याच माणसाने पुढे ‘ज्वाला आणि फुले’ हा काव्यसंग्रह दिला. ज्या हातांनी बंदूक धरली त्यांनी कुदळ धरली, लेखणीही धरली.

आनंदवन पाहून, भद्रावतीचे दर्शन घेऊन चंद्रपूर-बल्लारपूर ओलांडले की रस्त्याची चर्या बदलू लागते. बल्लारपूरचे सागवान लाकूडव्यापाऱ्यांना सांगायला नको; अयोध्येच्या राममंदिराचे दरवाजे येथूनच गेलेल्या सागाचे आहेत. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. आलापल्लीला सागाची झाडे इतकी उंच आहेत की मान मागे टाकावी लागते. येथील एक जुना वनखंड राज्याने २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून राखला आहे. तेथून भामरागडच्या रस्त्यावर मोहाची झाडे, बांबूची बेटे आणि मधूनच एखादी माडिया वस्ती. भामरागडच्या तीनेक किलोमीटर अलीकडे हेमलकसा येते.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे येथे राहावयास आले. रस्ता नव्हता, वीज अनेक वर्षे नव्हती. माडिया लोक अनोळखी माणूस दिसला की रानात पळत. याचे कारण व्यापारी वाचकांनी मन घट्ट करून वाचावे. या जंगलपट्ट्यात बाहेरचा माणूस येई तो बहुधा घ्यायला येई. मूठभर मिठाच्या बदल्यात चारोळी नेणारा सौदा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालला. तराजू होता, पण त्याची दोन्ही पारडी एकाच्याच हातात होती. डॉक्टरांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली, मग रोगी येऊ लागले.

ते दोघे आले होते औषधोपचारासाठी. प्राणी पाळणे योजनेत कुठेच नव्हते. एकदा रानवाटेने जाताना शिकारीहून परतणारे माडिया भेटले. काठीला मेलेली माकडीण बांधलेली, आणि तिचे पिलू तिला बिलगून दूध शोधत होते. पिलाचे काय करणार, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, खाणार. डॉक्टरांनी धान्याच्या बदल्यात ते पिलू मागून घेतले. तिचे नाव बबली ठेवले. मग गावोगाव सांगणे झाले: शिकारीत पिलू मिळाले तर मारू नका, आणून द्या, बदल्यात धान्य न्या. अशी हरणे आली, अस्वले आली, बिबटे आले, साप आणि मगरीही आल्या. ज्या घराण्यात मोटारीच्या गादीला बिबट्याचे कातडे होते, त्याच घराण्यातील नातवंडे बिबट्याच्या पिलांबरोबर अंगणात खेळली.

हा सौदा नीट पाहण्यासारखा आहे. मांस सोडा, असे माडियांना कोणी म्हटले नाही. पोट भरायला दुसरे साधन नसताना तसे म्हणणे हा उपदेश ठरला नसता, उपहास ठरला असता. मागितले एवढेच की पिलू तेवढे सोडा, आणि सोडल्याने पडणारी पोटाची तूट आम्ही भरून देऊ. ज्यांनी खदिरसार भिल्लाची कथा ऐकली आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. मुनींनी त्याच्याकडून सर्व मांसाचा त्याग मागितला नाही. केवळ कावळ्याचे मांस सोडण्याचा नियम दिला. पुढे वैद्याने औषध म्हणून तेच सांगितले तेव्हा भिल्लाने प्राण सोडला, नियम सोडला नाही, आणि पुढच्या भवांत तोच श्रेणिक राजा झाला. अणुव्रताची वाट अशीच लहान नियमातून सुरू होते. फरक इतकाच की हेमलकशात नियम देणाऱ्याने त्याचा खर्चही स्वतःवर घेतला.

यात्रेकरूची खरी परीक्षा पिंजऱ्यापुढे होते. बिबट्याला मांस घालावे लागते. जीवदयेसाठी दिलेला रुपया येथे कोणाच्या तरी जिवावर खर्च होतो, आणि हे सत्य झाकता येत नाही. आपल्या पांजरापोळांनी हा पेच बहुतांशी टाळला आहे. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांचे रुग्णालय जगप्रसिद्ध आहे. तेथेही शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात, ससाणा-घारींवर मात्र औषधोपचार करून त्यांना परत पाठवतात. पेच नवा नाही. शरण आलेल्या कबुतराला मेघरथ राजाने अभय दिले तेव्हा बहिरी ससाण्याने विचारलेच होते: याला वाचवलेस, मग मी भुकेने मरू काय? राजाने ससाण्याला हाकलून दिले नाही. कबुतराच्या वजनाइतके स्वतःचे मांस कापून तो पारड्यात घालू लागला. तो मेघरथ पुढे शांतिनाथ तीर्थंकर झाला. सामान्य श्रावकाने कोणते पारडे भरावे, हे कथेत सांगितलेले नाही. पिंजऱ्याबद्दलही आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. माणसाच्या हातावर वाढलेले पिलू रानात सोडले तर जगत नाही, म्हणून ते जन्मभर येथेच राहते. अभयदान मिळते, रान मिळत नाही.

हा जोडछंद पुढे साहित्यातही उतरला. पुण्याहून येऊन येथेच रमलेले कार्यकर्ते विलास मनोहर यांनी ‘नेगल’ लिहिले. नेगल हा येथील एक बिबट्या. डॉ. प्रकाश यांनी ‘प्रकाशवाटा’ नंतर ‘रानमित्र’ या पुस्तकात आपल्या प्राण्यांच्या हकिकती सांगितल्या. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार या दांपत्याला मिळाला तो माडियांमधील कामासाठी; पण प्रथमच येणारा माणूस दवाखान्याकडे न वळता आधी प्राण्यांकडेच जातो. दवाखाना पाहिल्याशिवाय परतू नये. सर्पदंशाचे रोगी, बाळंतिणी आणि अस्वलाच्या हल्ल्यातील जखमी तेथे येतात. १९७६ मध्ये सुरू झालेली शाळाही जवळच आहे, आणि एकेकाळी अनोळखी माणूस पाहून पळणाऱ्यांची नातवंडे तेथे शिकतात.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. चौविहार पाळणाऱ्यांनी पहाटे निघून दिवसाउजेडीच आलापल्लीला परतावे आणि उकळलेले पाणी व शिदोरी बरोबर ठेवावी. वेळ उरला तर भामरागडपर्यंत जावे. तेथे पर्लकोटा आणि पामुलगौतमी इंद्रावतीला मिळतात. पलीकडच्या काठावर छत्तीसगडचे रान सुरू होते.