फुकटाचा हिशोब

व्यापारी कुटुंबात ‘फुकट’ हा शब्द संशयाने ऐकला जातो. ज्या वस्तूचे मोल आपण मोजले नाही, ते दुसऱ्या कुणीतरी मोजलेले असते आणि त्याचे नाव शोधल्याखेरीज वही मिटू नये, हा धडा पेढीवरील मुलांना फार लवकर मिळतो. नागपुरात इतवारीतील एका धान्याच्या पेढीवर वाढलेल्या दोन भावांनाही वडिलांकडून तो मिळाला होता. पुढे वडील गेले, पेढीची वाटणी झाली. दुकाने, उधारी, येणी-देणी सारे सुरळीत वाटले गेले; राहिला तो एका गोदामाच्या दुरुस्तीचा खर्च. धाकट्याने तो केला होता आणि थोरल्याला तो मान्य नव्हता. रक्कम दोघांनाही जड नव्हती, तरी तीन वर्षे दोन्ही घरे सणावाराला वेगवेगळी जेवली. भावांचे निरोप मुनीमजींच्या तोंडून जात-येत राहिले.

२०२३ च्या दिवाळीनंतर ब्याऐंशी वर्षांच्या आईने एकच मागणे मागितले. रामटेकला शांतिनाथ भगवंतांचे दर्शन घ्यावे आणि दोन्ही घरांनी खिंडसी तलावाच्या बाजूच्या आपल्या जमिनीवर तीन दिवस एकत्र राहावे. तेथे बांधकाम नव्हते. तंबू ठोकावे लागणार होते. आईला नाही म्हणणे कुणालाच जमले नाही. नातवंडांची अट मात्र होती. रविवार, १९ नोव्हेंबर हा विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा दिवस होता.

थोरल्या भावाने निश्चिंतपणे सांगितले की त्याच्या मोबाईलवर पैसे भरलेली सेवा आहे. तंबू उभे राहिल्यावर कळले की त्या जागी रेंज येते आणि जाते. चित्र मिनिटभर चालते व गोल चक्र फिरू लागते. तेव्हा धाकट्याने गाडीच्या डिकीतून एक बशी, एक छोटा बॉक्स, केबलचे वेटोळे आणि लहान टीव्ही काढला. ती दूरदर्शनची फ्री डिश होती.

“फुकटातले आहे ते,” थोरला कुणाकडेही न पाहता म्हणाला. “फुकटात काय दिसणार?”

धाकट्याने उत्तर पुतण्याला दिले, पण आवाज थोरल्यापर्यंत पोहोचेल इतका ठेवला. फुकट काहीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. बशी आणि बॉक्स यांचे पैसे एकदा मोजावे लागतात. त्यानंतर दरमहा वर्गणी नाही, इतकेच. ही सेवा प्रसार भारतीने डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू केली. तिच्यावर जागा मिळविण्यासाठी खासगी वाहिन्या लिलावात बोली लावतात आणि तो पैसा जाहिरातींतून वसूल करतात. जाहिरातीचा खर्च अखेर साबणाच्या वडीत आणि चहाच्या पुड्यात येतो. म्हणजे मोल ग्राहकच देतो, पण दुकानावर देतो, घरबसल्या नव्हे. लिलावाचे पटले नाही की वाहिनी निघूनही जाते; २०१९ मध्ये काही मोठ्या मनोरंजन वाहिन्या अशाच निघून गेल्या होत्या. क्रिकेटचे कारण वेगळे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीशी वाटून घ्यावे लागते. म्हणून भारताचा अंतिम सामना डीडी स्पोर्ट्सवर दिसणार होता.

आई खुर्चीवर बसून ऐकत होती. तिला सासऱ्यांच्या रेडिओचा परवाना आठवला. तो टपाल कार्यालयात दरवर्षी पैसे भरून नवा करून घ्यावा लागे. ऐंशीच्या दशकात ही पद्धत संपली. ती म्हणाली, “तेव्हा सरकार ऐकण्याचे पैसे घेत असे. आता ऐकवणारे पैसे देतात. खाते तेच, बाजू बदलली.” थोरल्याला हसू आले, त्याने ते लपविले.

बशी लावणे मात्र सोपे नव्हते. ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून हे प्रक्षेपण येते, तो पूर्व रेखांश ९३.५ अंशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्याने तो एका जागी स्थिर भासतो. नागपूर ७९ अंश रेखांशावर असल्यामुळे येथून तो आग्नेयेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेला आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर सापडतो. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन घेऊन हिंडणारी मंडळीही वर्गणीविना ‘फ्रीसॅट’ पाहतात. पण लंडनहून त्यांचा उपग्रह जेमतेम २५ अंश वर असतो आणि समोरची झाडे नेहमी आड येतात. आपल्याकडे ती अडचण कमी. झाडाच्या उंचीच्या साठ टक्के अंतर राखले तरी बशीला आकाश मोकळे मिळते.

धाकट्याने तंत्रज्ञांना काम करताना पाहिले होते, पण कोन त्याच्या ध्यानात नव्हता. त्याची बशी भलतीकडेच पाहत होती. अर्धा तास गेला. अखेर थोरल्याला राहवले नाही. हिशोबात तो नेहमीच पक्का. मोबाईलमधील होकायंत्र काढून त्याने १४५ अंशांची दिशा धरली, मुलाच्या भूमितीच्या पेटीतील कोनमापक घेतला आणि बशी बरोबर ६० अंशांवर आकाशाकडे वळविली. तरीही पडद्यावर काही आले नाही.

“दादा, ती इतकी वर नको,” धाकटा म्हणाला. तीन वर्षांत प्रथमच तो थेट भावाशी बोलला. “ही बशी तिरपी घडविलेली असते. मधल्या दांड्यावरचा ग्राहक बघ, बशीच्या मध्यावर नाही, खालच्या अंगाला आहे. ती दिसते त्याहून पंचवीसएक अंश वरचे पाहते. खाली घे.”

थोरल्याची दिशा बरोबर होती, धाकट्याचा कल बरोबर होता. शिवाय या कामाला दोन माणसे लागतातच. बशीपाशी उभ्या असलेल्याला पडदा दिसत नाही आणि पडद्यापाशी असलेल्याला बशी हलविता येत नाही. थोरला बशीपाशी राहिला, धाकटा तंबूत गेला.

“आले?”

“नाही. थोडे डावीकडे.”

“आता?”

“आले! गेले. दादा, परत मागे घे. अगदी केसभर.”

“आता बोल!”

“थांब, हात लावू नकोस! आले!”

दोन्ही जावा भाजी निवडायच्या थांबल्या होत्या. मुलांचे लक्ष पडद्याकडे होते, आईचे हाकांकडे. थोरल्याने खिळे घट्ट केले, वाऱ्याने बशी हलू नये म्हणून बुडाशी दगड रचले आणि गाडीच्या बॅटरीवर टीव्ही किती वेळ चालेल याचा हिशोब मांडून, मधूनमधून इंजिन सुरू करण्याची पाळी स्वतःकडे घेतली.

दुपारी दोनला सामना सुरू झाला. सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास होता, त्यामुळे भारताचा डाव संपण्याआधीच पाने मांडली गेली. चौविहार पाळणाऱ्या आईने पाणी घेऊन हात जोडले, तेव्हा दोन्ही घरांची माणसे एका पंगतीत होती. धावा २४० झाल्या. अंधार पडल्यावर पडद्याच्या उजेडाकडे किडे येऊ लागले. धाकट्या सुनेने टीव्ही मच्छरदाणीच्या आत ठेवला, बाहेरचे दिवे मालवले आणि सारे दाटीवाटीने आत बसले. तीन गडी लवकर बाद झाले तेव्हा मुले उड्या मारीत होती. मग ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा केल्या आणि सामना गेला. धाकट्याचा मुलगा रडू लागला. थोरल्याने त्याला मांडीवर घेतले.

रात्री तंबूबाहेर दोघे भाऊ बशी सोडवीत होते. धाकट्याने दांडा धरला, थोरल्याने खिळे काढले. कुणी काही बोलले नाही. केबल गुंडाळून झाल्यावर थोरला म्हणाला, “गोदामाची बिले जपून ठेवली आहेस का?”

“ठेवली आहेत.”

“मंगळवारी घेऊन ये. पेढीवर नको, घरी ये.”

मंगळवारी धाकटा घरी गेला. बिले पाहून थोरल्याने छपराचा खर्च मान्य केला, रंगाचा केला नाही. धाकट्याने रंग सोडला. मजुरीच्या एका चिठ्ठीवर तारीख नव्हती. तिचे चार हजार तीनशे रुपये अडले. दोघेही आपापल्या जागी ठाम होते. आई माळ जपत होती. ती न थांबवताच तिने हाताने खूण केली. वडिलांच्या वेळची ती खूण दोघांना ठाऊक होती. ती रक्कम कसर खात्यात टाकली गेली आणि तीन वर्षांनी गोदामाचे पान मिटले.

बशी आता आईच्या खोलीबाहेर गच्चीवर बसविली आहे. ती दोघांनी मिळून लावली. सायंकाळी आई सह्याद्री वाहिनीवरील बातम्या पाहते. पावसाळ्यात ढग दाटले की चित्र तुटते. अशा वेळी ती थोरल्याला सांगत नाही आणि सुनेलाही सांगत नाही. धाकट्याला फोन करते, म्हणजे थोरल्याला गच्चीवर जावेच लागते.