बर्फ सुटण्याचे दिवस

वऱ्हाडातल्या माणसाला वसंत ऋतू बहुधा पुस्तकातच भेटतो. होळीची राख थंड होण्यापूर्वीच अकोल्याचे ऊन माणसाला सावलीत ढकलू लागते. मूर्तिजापूरच्या वाटेवर चार पळस पेटलेले दिसतात, कडुनिंबाला मोहोर येतो, आणि हे पाहून घ्यावे तोवर पारा पंचेचाळिशीकडे निघालेला असतो. म्हणून 2019 च्या फेब्रुवारीत सेंट पीटर्सबर्ग येथील आमच्या वर्गात ‘माझ्या गावचा वसंत’ या विषयावर रशियनमध्ये निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी एक पान उन्हाविषयीच लिहिले. बाईंनी तो वाचून विचारले, “तुमच्याकडे वसंताची वाट पाहत नाहीत?” वाट पाहणे म्हणजे काय, ते मला पुढच्या दोन महिन्यांत कळले.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तेथे मी रशियन शिकले आणि 2018 च्या ऑगस्टअखेर एका शैक्षणिक वर्षासाठी रशियाला गेले. आमची मूळ पेढी अकोल्याची, कापूस आणि सरकीच्या अडतीची. मी लहान असतानाच बाबांनी व्यवसायासाठी अमरावतीला बिऱ्हाड हलवले. मी मात्र शाळेसाठी दहावीपर्यंत अकोल्यात काकांकडेच राहिले. पेढीवरच्या गादीवर बसून आकडे वाचायला त्यांनीच मला शिकवले. बोटांत कापूस ओढून धाग्याची लांबी कशी अजमावावी, हेही त्यांचेच शिक्षण.

जाण्याच्या आधीच्या आठवड्यात काका अमरावतीला आले होते. संध्याकाळच्या जेवणाला सगळे बसले असता ते म्हणाले, “रशियनमध्ये कोन भाव इचारनार हाय व तुले?” बोलण्यात थट्टाच अधिक होती. पण माझ्या मनात भीती होती, आणि भ्यालेला माणूस लवकर चिडतो. मी म्हणाले, “तुम्हाला आयुष्यात भावापलीकडे काही दिसलेच नाही.” ताटावरचे सगळे हात थांबले. काका काही बोलले नाहीत. पान पूर्ण करून उठले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परतले.

अमरावतीहून मुंबईला जाणारी गाडी अकोल्यावरूनच जाते. वऱ्हाडात कुणी दूरदेशी निघाले की वाटेतल्या स्थानकांवर नातलग शिदोरी घेऊन उभे असतात. मी काकांना कळवले नव्हते. रात्री गाडी अकोल्याला थांबली, तेव्हा मी दिवा मालवून वरच्या बर्थवर पडून राहिले. पुढे भाद्रपदात पर्युषण संपले, तेव्हा पीटर्सबर्गमधून मी सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’चा संदेश पाठवला. एकच मजकूर, दोनशे माणसांना. त्या यादीत काकांचाही क्रमांक होता. मला वाटले, झाले.

हिवाळा लांबला. डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. कांदा, लसूण, बटाटा, बीट, गाजर वर्ज्य केल्यावर रशियन खाणावळीत काय उरते, हे गृहिणींनी कल्पनेने जाणावे. कोबी, वाटाणे आणि ग्रेच्का नावाचे कुट्टूचे दाणे यांवर मी चार महिने काढले. उच्चारांनीही फजिती केली. रशियनमध्ये कापसाला ‘ख्लोपक’ म्हणतात, पण आघात पुढच्या अक्षरावर गेला की तोच शब्द ‘ख्लपोक’ होतो आणि त्याचा अर्थ टाळी. “माझे काका घाऊक टाळ्यांचा व्यापार करतात,” असे मी भर वर्गात सांगितले. सारा वर्ग हसला. मीही हसले, आणि लगेच वाटले, ही गंमत खरे तर काकांना सांगायला हवी.

रशियन पंचांगात वसंत 1 मार्चला सुरू होतो, मग बाहेर गुडघाभर बर्फ का असेना. लोकांचा त्यावर पूर्ण विश्वास असतो. बाईंनी आम्हाला त्या दिवसांचे शब्द शिकवले. छताला लोंबणारे बर्फाचे सुळे वितळून थेंब पडू लागतात, त्या ठिबकण्याला ‘कप्येल’ हा स्वतंत्र शब्द आहे. बर्फ वितळून मातीचा पहिला तुकडा उघडा पडतो, ती ‘प्रतालिना’. बर्फाखालून वर येणाऱ्या पहिल्या फुलाचे नावच ‘बर्फाखालचे’ अशा अर्थाचे आहे. ज्याची माणसे वाट पाहतात, त्याला ती किती नावे देतात! आपल्याकडेही पावसाला मिरगापासून हत्तीपर्यंत नक्षत्रवार नावे आहेत; पण पाऊस आपला आहे आणि वसंत त्यांचा. 8 मार्चला, महिला दिनी, रस्तोरस्ती पिवळ्या ‘मिमोझा’चे झुबके विकायला आले. जवळ जाऊन पाहिले तर साक्षात बाभळीची फुले. ते झाड खरोखरच बाभळीच्या कुळातले आहे. घरच्या आठवणीने मी एक झुबका विकत घेतला. आपल्याकडे ज्याच्या काट्यांनी पाय फाटतात, त्याच्या फुलांना तेथे पैसे मोजावे लागले.

त्याच आठवड्यात ‘मास्लेनित्सा’ हा हिवाळ्याला निरोप देण्याचा सण होता. घरोघरी घावनांसारखे गोल पातळ ‘ब्लिनी’ होतात. त्यांत अंडी असतात, म्हणून मी दुरूनच पाहत होते. सणाचा शेवटचा रविवार, त्या वर्षी 10 मार्च, हा ‘क्षमेचा रविवार’. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपूर्वीचा सात आठवड्यांचा मोठा उपवास लागतो. तो सुरू करण्यापूर्वी माणसांनी एकमेकांची क्षमा मागावी, अशी तेथील ख्रिस्ती समाजाची रीत आहे.

आमच्या वसतिगृहाच्या दाराशी एक वृद्ध बाई बसत. जानेवारीत मला परतायला दहा मिनिटे उशीर झाला, तेव्हा त्यांनी पाव तास बाहेर थंडीत उभे केले आणि वर चार शब्द सुनावले. तेव्हापासून मी त्यांना नमस्कार करणे सोडले होते. त्या रविवारी संध्याकाळी मी आत शिरले, तर त्या खुर्चीवरून उठल्या. गुडघे दुखत असल्याने त्यांना उठायला वेळ लागला. माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “प्रस्ती मिन्या.” मला क्षमा कर.

मी गोंधळले. “काही नाही, काही नाही,” असे काहीतरी पुटपुटले. त्यांनी मान हलवली. “असे नाही म्हणायचे. म्हण, देव क्षमा करील, मीही करते. आणि मग तू माग.” सत्तरी उलटलेली ती बाई एका परदेशी मुलीला क्षमा मागायला आणि द्यायला शिकवत होती, आणि मी ज्या घरातून आले तेथे हा विधी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे! मी म्हटले. मग मागितली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खणातून कागदात गुंडाळलेले दोन ब्लिनी काढून दिले. म्हणाल्या, “ताकाच्या पिठाचे आहेत. अंडे नाही. तू खात नाहीस, मला माहीत आहे.”

खोलीत येऊन मी कितीतरी वेळ बसून राहिले. रशियन क्रियापदे जोडीने येतात. एक रूप चालू असलेल्या क्रियेचे, दुसरे पुरे झालेल्या क्रियेचे. मराठीत आपण ‘करत होतो’ आणि ‘करून टाकले’ असा भेद करतो, तसाच. ‘प्रस्ती’ हे दुसऱ्या रूपातले आहे. क्षमा करून टाक, एकदाच आणि पुरती. त्याच्या जोडीदारापासून झालेला ‘प्रश्शाय’ हा शब्द मात्र कायमचा निरोप घेताना वापरतात. पुन्हा भेट होईल न होईल, म्हणून जाताना क्षमा मागून घ्यायची, ही जुनी रीत त्या शब्दात राहून गेली आहे. मी अकोल्यावरून गेले होते ती दोन्हींपैकी एकही शब्द न बोलता.

आणि तो दोनशे जणांना पाठवलेला संदेश? व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला हे तरी कळायला हवे होते की देणे ज्याचे त्यालाच चुकते करावे लागते. सहा महिने मी मनाच्या वहीत काकांकडे येणे दाखवत आले होते. त्या रात्री पान उलटून पाहिले, तर ते देणे निघाले.

भारत पीटर्सबर्गच्या अडीच तास पुढे आहे. सकाळी पेढी उघडण्याच्या सुमारास फोन लागेल अशा बेताने मी पहाटे उठले. काकांनी उचलला. मी पाठ केल्यासारखे बोलले, “काका, मी जेवताना जे बोलले त्याची क्षमा मागते. खमतखामणा.” पलीकडून हर्रासाचा गलका ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मी आल्तो टेशनावर. तुहा डबा कोनता ते मालूम नोता. दोन डबे पाह्यले, तं गाडी सुटली.” मला बोलवेना. मग त्यांनीच विचारले, “तिकडं थंडी कमी झाली का व?” मी टाळ्यांच्या व्यापाराची गोष्ट सांगितली. ते इतक्या मोठ्याने हसले की मुनीमजींनी काय झाले म्हणून विचारल्याचे ऐकू आले.

मोठा उपवास सुरू झाला आणि माझे दिवस पालटले. खाणावळीत ‘उपवासाचे’ पदार्थ मिळू लागले. त्यांत मांस नाही, अंडे नाही, दूधही नाही. बटाटा मात्र सर्वत्र होता! तरी विचारावे लागणारे प्रश्न निम्मे झाले. मला अफनासी निकितिन आठवे. त्वेर गावचा हा व्यापारी पंधराव्या शतकात घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरला पावसाळाभर राहिला आणि बीदरला गेला. आपली धर्मपुस्तके वाटेत लुटली गेल्याने उपवासाचे आणि ईस्टरचे दिवस नेमके कळत नाहीत, ही खंत त्याने प्रवासवृत्तात लिहून ठेवली आहे. आपल्या मुलखात एक रशियन व्यापारी आपला उपवास शोधत होता, आणि साडेपाचशे वर्षांनी त्याच्या मुलखात एका व्यापाऱ्याची मुलगी त्याच उपवासाच्या आधारे आपले व्रत सांभाळत होती.

एप्रिलमध्ये नेवा नदीचे बर्फ सुटले. आधी नदीचे स्वतःचे जाते. काही दिवसांनी लादोगा सरोवरातले येते आणि शहर पुन्हा गारठते. लोक कॉलर वर करून म्हणतात, लादोगाचे बर्फ चालले आहे, आता एवढेच. पांढऱ्या लाद्या एकमेकींवर घासत समुद्राकडे जाताना पाहत मी पुलावर तासन्‌तास उभी राहिले. एके दिवशी बाजारात काकडीचा ताजा वास दरवळला. आनंदाने धावले, तर ती एका लहानशा माशाची करामत निघाली! पाडव्याला खोलीत गुढी उभारली, ती रुमालाची. वाळलेली मिमोझाची डहाळी तिला बांधली.

जूनमध्ये निघाले, तेव्हा रात्र उरलीच नव्हती. दाराशी बसणाऱ्या आजी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “प्रश्शाय.” मी त्यांना सांगितले, आमच्या भाषेत जाणारा माणूस ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. तो शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला.

मुंबईहून अमरावतीच्या गाडीत बसण्यापूर्वी मी अकोल्याला फोन केला आणि डब्याचा क्रमांक सांगितला.