खरखरीचा पत्ता : दौंडचा माळ, होमडेलची चक्री आणि शॉर्टवेव्हचा गोंगाट (धागा)

शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांमध्ये एक समजूत फार जुनी आहे. दूरचे केंद्र क्षीण येत असेल, तर एरियल आणि रेडिओ यांच्यामध्ये एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर बसवावा, की काम झाले. आज काडेपेटीपेक्षाही लहान डबीत ‘लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायर’ मिळतो. हौशी मंडळी तो मोठ्या आशेने जोडतात. आवाज वाढतो, काटा वर चढतो, आणि केंद्र मात्र पूर्वीइतकेच अस्पष्ट राहते. असे का होते, याचे उत्तर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी शोधले जाऊ लागले. त्या शोधात एका तरुण अभियंत्याच्या हाती भलतेच काही लागले.

आरंभ मात्र पुणे जिल्ह्यापासून करावा.

१९२७ साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात मार्कोनी कंपनीच्या पद्धतीची ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली. संदेश पाठवण्याचे केंद्र खडकीला होते, तर इंग्लंडहून येणारे संदेश झेलण्याचे केंद्र दौंडला. दोन्हींमध्ये एवढे अंतर ठेवण्याचे कारण सरळ होते. शेजारीच प्रक्षेपक गर्जत असेल, तर हजारो मैलांवरून आलेली कुजबूज ऐकू येणार कशी? इंग्लंडमध्येही हीच व्यवस्था होती. पाठवणी ग्रिम्सबीजवळून, तर ग्रहण स्केगनेसजवळ.

या पद्धतीचे खरे बळ तिच्या एरियलमध्ये होते. चार्ल्स फ्रँकलिन या मार्कोनीच्या अभियंत्याने उंच मनोऱ्यांमध्ये उभ्या तारांचा पडदा टांगला आणि त्याच्या मागे परावर्तक म्हणून तारांचा दुसरा पडदा लावला. असा पडदा एकाच दिशेकडे कान लावून बसतो. ग्रहणकेंद्रात व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर होतेच, पण अ‍ॅम्प्लिफायरला आपपर कळत नाही. आफ्रिकेवर किंवा बंगालच्या उपसागरावर वीज कडाडली, की तिचा रेडिओ-कडकडाट आयनमंडलावरून उसळ्या घेत हजारो किलोमीटर येतो. अ‍ॅम्प्लिफायर त्यालाही लंडनच्या संदेशाइतकेच इमानाने मोठे करतो. तारांचा पडदा मात्र बाजूने येणारा कडकडाट बराचसा आत येऊच देत नाही. बीम केंद्रांच्या यशाचे वर्णन करताना बहुतेक लेखक प्रक्षेपकाच्या शक्तीवर रेंगाळतात. श्रेयाचा मोठा वाटा ऐकण्याच्या या निवडक वृत्तीला द्यायला हवा.

मग उरलेला गोंगाट येतो कोठून? थोडा उपकरणातूनच. कोणताही वाहक शून्याहून अधिक तापमानाला असला, की त्यातील इलेक्ट्रॉन अस्वस्थपणे हलत राहतात आणि त्या हालचालीतून बारीक सळसळ निर्माण होते. बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सनने ती मोजली, हॅरी नायक्विस्टने तिचे गणित मांडले, आणि १९२८ मध्ये दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले. व्हॉल्व्हमधील प्रवाहाची स्वतःची खरखर वेगळी. ‘लो-नॉइज’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या पदरची भर कमीत कमी घालतो. बाहेरून आलेला गोंगाट तो गाळून टाकतो, असा अर्थ त्यातून निघत नाही. सगळा घोटाळा येथेच होतो.

त्याच १९२८ साली कार्ल जान्स्की हा बावीस वर्षांचा तरुण बेलमध्ये दाखल झाला. अटलांटिकपार टेलिफोनचे बोलणे शॉर्टवेव्हवरून नेण्याची तयारी चालू होती. संभाषणात मिसळणारी खरखर नेमकी कोणत्या दिशांनी येते, हे शोधणे जान्स्कीच्या वाट्याला आले. हे एकदा कळले, की एरियल कोठे रोखावे आणि कोठून वळवावे, हे ठरवता येणार होते.

न्यू जर्सीतील होमडेल येथे त्याने सुमारे ३० मीटर लांबीची एक चौकट उभारली. लाकूड आणि पितळी नळ्या यांची ती चौकट फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या चार चाकांवर ठेवलेली होती. वर्तुळाकार मार्गावरून ती दर २० मिनिटांनी एक फेरा पूर्ण करी. सहकाऱ्यांनी थट्टेने तिला जत्रेतल्या फिरत्या पाळण्याचे नाव दिले. चौकट २०.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे साडेचौदा मीटर तरंगलांबीवर ऐकत असे. तिला जोडलेल्या ग्राहकाची स्वतःची खरखर त्या काळाच्या मानाने फारच कमी होती. त्याचे गट-प्रमुख हराल्ड फ्रिस यांचा हातखंडाच तो होता.

नोंदींतून तीन प्रकार निघाले : जवळच्या वादळांचा कडकडाट, दूरच्या वादळांची सततची कुरकुर, आणि तिसरी एक मंद, अखंड फुसफुस. पहिल्या दोन प्रकारांनी कंपनीचे काम भागत होते. तिसरी इतकी क्षीण होती, की ‘उपकरणाचा दोष’ म्हणून कोणीही ती सोडून दिली असती. जान्स्कीने ती सोडली नाही, आणि येथे त्याचे मोठेपण दिसते. आरंभी ती सूर्याकडून येत असावी असे वाटले. पण महिन्यामागून महिने गेले, तशी तिच्या शिखराची वेळ सरकत गेली, रोज सुमारे चार मिनिटे आधी. सूर्याचा दिवस २४ तासांचा, ताऱ्यांचा २३ तास ५६ मिनिटांचा. फुसफुस ताऱ्यांचे घड्याळ पाळत होती. तिची दिशा होती धनू राशीकडे, आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडे.

५ मे १९३३ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. त्यानंतर जान्स्कीला दुसरी कामे देण्यात आली. त्याला अडवले गेले, की त्यानेच आग्रह धरला नाही, यावर पुढे बराच वाद झाला. फ्रिस स्वतः त्या वादातील एक पक्ष असल्याने त्यांची साक्ष जपूनच वाचावी. १९५० मध्ये, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी जान्स्कीचे निधन झाले. रेडिओ-खगोलशास्त्रात स्रोताची तीव्रता मोजण्याच्या एककाला आज त्याचे नाव आहे.

खगोलशास्त्राचा इतिहास सांगणारे बहुधा येथेच थांबतात. शॉर्टवेव्हच्या श्रोत्यासाठी महत्त्वाचा निबंध मात्र पुढचा, १९३७ सालचा आहे. शॉर्टवेव्हच्या ग्रहणव्यवस्थेत गोंगाटाची किमान पातळी किती, हा त्याचा विषय. विजांचा आणि माणसांच्या यंत्रांचा उपद्रव नसला, तरी आकाशगंगेची फुसफुस शिल्लक राहते, आणि चांगल्या एरियलवर पुष्कळदा तीच शेवटची मर्यादा ठरते. अभियंत्याने जणू स्वतःच्या शोधाचा हिशेब कंपनीच्या वहीत मांडला होता.

आकड्यांत पाहिले तर चित्र स्पष्ट होते. गोंगाट ‘तापमाना’त मोजण्याची पद्धत आहे. खोलीचे तापमान सुमारे २९० केल्विन. २० मेगाहर्ट्झवर आकाशाचा गोंगाट हजारो केल्विन भरतो आणि खाली जावे तसा वाढतच जातो. अशा ठिकाणी शंभर केल्विनचा अ‍ॅम्प्लिफायर आणला काय आणि तीनशेचा आणला काय, भर समुद्रात ओंजळभर पाणी.

१९४४ मध्ये फ्रिस यांनी ग्राहकाच्या गोंगाटाचे माप, ‘नॉइज फिगर’, सूत्रात बसवले. त्यातून निघणारा नियम असा, की साखळीतल्या पहिल्या टप्प्याचा गोंगाट सर्वांत निर्णायक. पहिला टप्पा शांत आणि दमदार असेल, तर मागच्या टप्प्यांचे दोष झाकले जातात. हा नियम खरा कसास लागतो तो आकाश शांत असलेल्या वरच्या वारंवारतांवर. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभा आहे. त्याच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांच्या नाभीपाशीच लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायर बसवलेले आहेत. १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास त्यांच्यावाचून गत्यंतर नाही, कारण तेथे आकाशापेक्षा उपकरणाचाच आवाज मोठा असतो. पण याच दुर्बिणीच्या १५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरले, की आकाशगंगेचा वाटा पुन्हा वाढतो.

म्हणजे शॉर्टवेव्हवर अ‍ॅम्प्लिफायर निरुपयोगीच का? तसे नाही. एरियल लहान असेल, उदाहरणार्थ हातभर व्यासाचे कडे, तर त्यातून येणारा संकेत आणि बाहेरचा गोंगाट दोन्ही इतके क्षीण होतात, की रेडिओचीच खरखर वरचढ ठरते. तेथे अ‍ॅम्प्लिफायर हवाच. हॅरोल्ड बेव्हरेज यांनी शोधलेली जमिनीलगतची लांबलचक तार हेही असेच प्रकरण. ती संकेत तुटपुंजा देते, पण ज्या दिशेला रोखली तेथूनच ऐकते. मग तुटपुंजेपणाची भरपाई अ‍ॅम्प्लिफायरने करता येते. उलट मोठी तार आणि चांगला रेडिओ असताना आणखी अ‍ॅम्प्लिफायर जोडला, तर बलवान केंद्रे त्यात घुसमटून एकमेकांत मिसळतात, आणि जेथे कोणी बोलत नाही तेथे भुताटकीची केंद्रे उमटतात.

शहरातील सदनिकेत तर तिसराच शत्रू असतो : एलईडी दिव्यांचे आणि मोबाइल चार्जरचे स्विचिंग. खिडकीतल्या एरियलला अ‍ॅम्प्लिफायर लावला, की पहिल्यांदा मोठा होतो तो शेजारच्या चार्जरचा आवाज. तेथे एरियल इमारतीपासून दूर नेणे, कडे फिरवून उपद्रवाची दिशा टाळणे, हे दौंडचेच शहाणपण लहान प्रमाणात उपयोगी पडते.

परीक्षा सोपी आहे. रेडिओ एखाद्या मोकळ्या वारंवारतेवर लावावा आणि एरियल काढून पाहावे. खरखर ठळकपणे खाली बसली, तर रेडिओ बाहेरचा गोंगाट आधीच ऐकतो आहे; अ‍ॅम्प्लिफायरने हाती काही लागणार नाही. फरकच पडला नाही, तर अ‍ॅम्प्लिफायर जरूर जोडावा.

विजेच्या तारांपासून दूर, एखाद्या माळावर, आकाश शांत असलेल्या रात्री २० मेगाहर्ट्झच्या आसपास हीच परीक्षा केली, तर एरियल जोडताच जी बारीक फुसफुस वर येते, तिच्यात मोठा वाटा आकाशगंगेचा असतो. दुसऱ्या रात्री ती आपले शिखर चार मिनिटे आधी गाठते.